हात वर करा, फोटो काढायचाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर, जिथे अमेरिकेने अणुचाचण्या केल्या, पुन्हा माड लावण्याविषयीचा कालचा लेख वाचला. माहिती चांगली आहे, वाद नाही. पण 'स्थानिकांशी सल्लामसलत करून' हे शब्द त्यात तीनदा आलेत आणि तिन्ही वेळा मला आमच्या देवळाचा मंडप आठवला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमची वाडी झोपवली. पोफळी तर मुळापासून गेल्या. महिन्याभराने साहेब लोक त्या मंडपात आले, 'तुम्हाला कोणती रोपं हवीत' हे विचारायला. सासूबाई म्हणाल्या, रोठा सुपारीची द्या, माडांचं आम्ही बघू. साहेबांनी मान डोलावली. सह्यांसाठी पुढे आलेल्या कागदावर मात्र 'नारळ' आधीच छापलेलं होतं! वर फोटो हलला म्हणून सगळ्यांना पुन्हा हात वर करायला लावले. पुढे काय आलं असेल? नारळच.

बिकिनीवाल्यांचं याहून वेगळं झालं नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये, रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर अमेरिकन नौदलाचे कमोडोर वायट यांनी त्यांना विचारलं: मानवजातीच्या भल्यासाठी बेट तात्पुरतं सोडाल का? त्यांचे प्रमुख जुडा म्हणाले, सगळं देवाच्या हातात आहे. ही संमती पुढे कॅमेऱ्यासमोर पुन्हा वदवून घेतली, तीही एका टेकमध्ये भागली नाही. १६७ माणसं बेट सोडून गेली आणि बेटाच्या परिसरात २३ अणुस्फोट झाले. हे लेखात नाही. का नाही?

१९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बेट सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि माड लावले गेले. १९७२ मध्ये बिकिनीच्या पंचायतीने सगळ्यांनी परत जायचं नाकारलं, ज्याला जायचंय त्याला अडवणार नाही एवढंच म्हटलं. म्हणजे शंका त्यांना होती. तरी काही कुटुंबं गेली. माड धरला, लोक शहाळी प्यायले, खोबरं खाल्लं, आणि अंगात स्फोटांतून मातीत उतरलेलं किरणोत्सर्गी सिझियम वाढत गेलं. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उचललं. माड फळायला पाच-सात वर्षं लागतात, हे माडाशेजारी जन्म काढलेल्यांना सांगायला नको. इतकी वर्षं पाणी घालायचं आणि पहिलं शहाळं हातात आल्यावर 'पिऊ नका' ऐकायचं! मी तर कोयता फेकून दिला असता.

राहिला प्रश्न लेखातल्या पोटॅश खताचा. बिकिनीच्या प्रवाळाच्या मातीत पोटॅश फारसं नाही, म्हणून झाड त्याच्या जागी सिझियम ओढतं. पोटॅश घातलं की हे ओढणं पुष्कळ कमी होतं, हे शास्त्रज्ञांनी तिथेच प्रयोग करून दाखवलंय. त्याबद्दल आदर आहे. आळ्यात पोटॅश आम्हीही घालतो, फक्त ते वाहून जातं आणि पुन्हा घालावं लागतं. तिथे हे किती वर्षं, आणि कोणाच्या पैशाने? बेटवाल्यांचं म्हणणं होतं, वरची मातीच खरवडून न्या. त्याने जमिनीचा कस जाईल हे शास्त्रज्ञांचं म्हणणं खरंच आहे. पण ज्याला एकदा 'सुरक्षित' सांगून फसवलं, तो खताच्या गोणीवर विश्वास ठेवील का? तुमच्या लेखकांनी हे विचारलंच नाही. त्यांना बेटवाले 'भावनिक' वाटतात. आमच्या सासूबाईही साहेबांना भावनिकच वाटल्या होत्या.

जाता जाता. इतक्या गंभीर लेखाला पोहण्याच्या पोशाखातल्या बाईचा फोटो कोणी लावला? पहिला स्फोट १ जुलै १९४६ चा, तो पोशाख पॅरिसमध्ये दाखवला ५ जुलैला. नाव बेटाचंच घेतलं, तेही न विचारता. तुमच्याकडे फोटो निवडणाऱ्याला एवढं ठाऊक नसेल तर माडाचा फोटो मी पाठवते, फुकट.

आणि शब्दकोड्याची उत्तरं सलग दोन रविवार नाहीत.

कळावे,
एक वाचक, ता. श्रीवर्धन, रायगड