कोपीवर जाण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून जमत नाही. "बाबा, माझ्या प्रकल्पाचे गाईड तुम्ही आहात का?" असं तू विचारलंस. नाही. म्हणून लिहून पाठवतोय. वाचताना कुणाला मधे बोलता येत नाही, मलाही.

विषय बदल, असं पुन्हा म्हणणार नाही. ऊसतोड टोळीत बातमी कशी फिरते, हा विषय चांगलाच आहे, आणि हे रविवारीच म्हणायला हवं होतं. लाझर्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञानं आणि त्याच्या मंडळींनी १९४० सालच्या निवडणुकीत अमेरिकेतल्या ओहायोत, एका काउंटीत त्याच त्या मतदारांना महिनोन्‌महिने गाठून मत कसं ठरलं ते विचारलं, तेव्हा रेडिओ-वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जड निघाला. तुझ्या टोळीत तो माणूस म्हणजे टोळी आणणारा मुकादम, असं तू धरून चालली आहेस. इतक्यात धरू नकोस. हंगामाआधी घेतलेली उचल किती फिटली, उद्या तोडीला कुठला फड, हे मुकादमाकडून कळत असेल. पण गावाकडे सासू पडली, पोराचं शाळेतलं नाव कमी झालं, हे बायकांच्या फोनवरून येत असणार. बातमीची जात बदलली की सांगणारा बदलतो. प्रश्नावलीत दोन्ही वेगळं विचार.

आता वेळेचं. टोळी पहाटे फडात जाते आणि दिवेलागणीला कोपीवर, आपल्या झोपड्यांवर येते. म्हणजे तुझ्या मुलाखती रात्री सात ते नऊ. आणि मग आत्याची स्कूटी घेऊन तू एकटी पलूसला परत. हंगामात त्या रस्त्याला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपले की ट्रॉली दिसते ती थेट दहा हातांवर. अण्णाचं तुला माहीत आहे. ते इथे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

असो. प्रश्नावली. "तुम्ही मोबाईलवर बातम्या आणि सरकारी योजनांची माहिती बघता का?" हे दोन प्रश्न आहेत. "हो" आलं तर कशाला आलं, हे तुला रात्री टेबलावर बसून कळणार नाही. तोड त्याला. "साधारण किती वेळ बघता?" असं विचारलं की माणूस शोभेल तो आकडा सांगतो. त्यापेक्षा "काल जेवणं झाल्यावर फोन कुणाच्या हातात होता?" असं विचार. कालचं आठवतं, साधारणचं कुणालाच आठवत नाही. तू चौथीत असताना वाड्यातल्या सगळ्यांना नावडती भाजी विचारत फिरली होतीस. आजी म्हणाली, मला सगळ्या आवडतात. तू वहीत लिहिलंस, "आजी खोटं बोलते." ती वही माझ्याकडे आहे. शेजारच्या काकांना अजून वाटतं की तू एमएस्सी कम्युनिकेशनला मोबाईल टॉवरचं शिकतेस. त्यांना ती दाखवावी म्हणतो.

३८४ फॉर्म भरायचं मात्र डोक्यातून काढ. हा आकडा कुठून येतो ते मला ठाऊक आहे: ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक. पण त्याला यादृच्छिक नमुना, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी माणसं लागतात, आणि नमुन्याला यादी. मुकादमाच्या वहीत कोयते असतात, माणसं नसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि बाईचं नाव बहुतेक नसतंच. यादीशिवाय ३८४ भरलेस तरी तो ५ टक्के तुला लिहिता येणार नाही. दोन टोळ्या घे, प्रत्येकीत ८ मुलाखती, निम्म्या बायका. सरासरी ४० मिनिटं धरली तरी पावणेअकरा तासांचं रेकॉर्डिंग. एक तास कागदावर उतरवायला पाच-सहा तास जातात, बीडकडची बोली नवखी असेल तर जास्तच. साठ तास उतरवण्यातच जाणार. चौथ्या सत्रात प्रकल्पाला ६ क्रेडिट आहेत, पण कारखान्याचं धुराडं सत्र संपायची वाट बघत नाही. मार्चमध्ये टोळ्या गावाकडे निघाल्या की तुझी माणसंच गेली. फिरायचं काम फेब्रुवारीतच संपव.

संमतीपत्रावर अंगठा घेऊ नकोस. अंगठा म्हटलं की त्यांना उचलीचा कागद आठवतो, आणि पुढची सगळी उत्तरं सांभाळून येतात. संमती वाचून दाखव आणि त्यांचा होकार रेकॉर्ड कर. फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर मधेच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. शेजारी दुसरं यंत्र चालू ठेव. फाइलला नाव नको, "टोळी१-बाई३" एवढंच. आणि आधी पाच-सहा जणांवर प्रश्न तपासून बघ. ते मोजणीत धरू नकोस.

परत मास्तर झालो. माफ कर.

पण एक ऐक. पुरुषांच्या मुलाखती दिवसा होतात. कारखान्यावर वजनाला नंबर लागेपर्यंत बैलगाडीवाले तासन्‌तास बसून असतात, तेव्हा त्यांना बोलायला कुणी हवंच असतं. बायका दुपारी फडातच भाकरी सोडतात, तिथे वीस मिनिटं मिळतात. दोन दुपारी बसलीस तर एक मुलाखत. हे मी रस्त्यासाठी सांगतोय, हे तुला कळलंच असेल. आणि खरं ते सांगायचं तर चुलीपाशी, मुकादम लांब असताना, रात्री जे कानावर येतं ते फडात येत नाही. तू ते सोडणार नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही सोडलं नसतं. त्या रात्री तरी परतू नकोस. कोपीवर नाहीतर जवळच्या वस्तीवर झोप, आणि उजाडल्यावर नीघ.

आईनं मेथीचे लाडू आणि बिनबाह्यांचा स्वेटर आत्याकडे दिलाय.

तुझे,
बाबा

ता. क. आत्या म्हणाली, स्कूटीचा मागचा दिवा दिवाळीपासून लागत नाही. मी शनिवारी पलूसला येतोय, बल्ब घेऊन. मुलाखतीत बसणार नाही.