एच इंडेक्स छापला, शोध कसला ते राहिलं

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या एका मॉलिक्युलर बायोलॉजिस्टची (पेशीतल्या रेणूंचा अभ्यास करणारे) बातमी आली, फोटोसकट, जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत निवड म्हणून. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू, छाटणीची धांदल असतानाही मी ती बागेत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. तर पेस्ट लावणारा एक पोरगा म्हणाला, काका, त्यांनी शोध कसला लावलाय ओ? मी परत वरपासून खालपर्यंत वाचली. शोधनिबंध म्हणजे त्यांच्या भाषेत पेपर किती, सायटेशन किती, एच इंडेक्स किती, सत्काराला कोण कोण होतं, सगळं हाय. शोध कसला ते काय सापडंना.

आमची सून ह्याच विषयात एमएस्सी आहे, ज्युनिअर कॉलेजला शिकवते. संध्याकाळी तिला विचारलं. ती चहा गाळता गाळता म्हणाली, मामा, सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी त्याच्या पेपरात तुमच्या पेपरचा हवाला दिला, एवढंच, मग चांगला म्हणून दिला काय आणि चुकलाय हे दाखवायला दिला काय, मोजताना दोन्ही एकच. स्वतःच स्वतःचा दिला तरी बऱ्याच ठिकाणी धरतात. एच इंडेक्स २००५ साली अमेरिकेतल्या हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं काढला, २० इंडेक्स म्हणजे २० पेपर असे की प्रत्येकाला निदान २० हवाले. मी म्हटलं, आणि एखाद्यानं जन्मात ३ च पेपर लिहिले पण प्रत्येकाला हजार हजार हवाले आले तर? "तर त्याचा इंडेक्स ३." मला हसूच आलं.

मग तिनंच सांगितलं की सगळ्यात जास्त हवाले मिळालेला पेपर कुठला म्हणाल तर १९५१ चा, ऑलिव्हर लोरी आणि त्याच्या सोबतच्यांचा, प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत. ३ लाखांच्या वर हवाले! तिनं स्वतः बीएस्सीला ते प्रॅक्टिकल केलंय, प्रोटीन जास्त तसा निळा रंग गडद. पद्धत कामाची म्हणून जो तो वापरतो आणि वापरली की हवाला देतो, लोरी स्वतःच म्हणायचा की हा काय फार थोर पेपर नव्हे. आणि तिकडं बार्बरा मॅक्लिंटॉक, मक्याच्या दाण्यांच्या रंगावरनं जीन (आनुवंशिक गुण ठरवणारे घटक) जागा बदलतात हे ओळखलेली बाई, तिचं म्हणणं लोकांनी कित्येक वर्षं फारसं मनावर घेतलं नाय, नोबेल मिळालं ते थेट १९८३ ला. त्या काळात आकडे बघून बातमी केली असती तर तिची आलीच नसती.

अजून एक. 'निवड' हा शब्द चुकीचा आहे. स्टॅनफर्डचे प्राध्यापक आयोनिडिस आणि त्यांची टीम स्कोपस नावाच्या, पेपर आणि हवाल्यांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसवरनं हिशोब करून ती यादी काढतात, कुणी बसून माणसं निवडत नाय. त्यात एक यादी अख्ख्या करिअरची आणि एक फक्त एका वर्षाची, दोन्हीत फरक आहे, बातमीत कुठली ते नव्हतं. स्वतःचे हवाले वगळून नंबर किती लागतो तेपण त्यात दिलेलं असतं. आणि ह्या विषयात पेपरवर बहुतेक वेळा पहिलं नाव हातानं प्रयोग केलेल्याचं, शेवटचं लॅबच्या साहेबाचं, मग मधल्या दहा नावांत आपला माणूस कुठं आहे ते विचारायला नको का?

बेदाण्याच्या सौद्यात टन किती आला तेवढ्यावर दर निघत नाय साहेब, मूठभर माल हातात घेऊन बघतातच.

त्या शास्त्रज्ञांना मी कमी लेखत नाय, ग्रँट आणि प्रमोशनला हे आकडे लागतात, त्यांचा काय दोष. कदाचित त्यांनी कामाबद्दल भरपूर सांगितलंही असेल आणि जागा नाय म्हणून तुमच्याकडं कापलं गेलं असेल, सत्काराची नावं मात्र राहिली.

ते दिवाळीला गावी येतात म्हणे. बातमीदाराला परत पाठवा, कुठल्या जीनवर काम करता, काय नवीन कळलं, कशात फसलात, असं विचारून अर्धं पान छापा. अडलं तर आमची सून बरोबर यायला तयार आहे, फक्त रविवार धरा. त्या पोराला मी अजून उत्तर दिलेलं नाय.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली