रात्रीचं तापमान ठळक छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलं होतं, की हवामान बदल हा अमेरिका-चीनचा विषय आहे, आपण इंदूरवाल्यांनी उगाच कशाला डोकं शिणवायचं. ते वाचून आमचे हे 'अगदी बरोबर लिहिलंय' म्हणाले आणि एसीचा रिमोट शोधत आत गेले. तेव्हाच ठरवलं की उत्तर लिहायचं, म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, कापायचं तर कापा.

आधी त्यांचं जे खरं आहे ते मान्य करते. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला साधारण 14 टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो आणि आपल्याकडची सरासरी 2 टनांच्या आसपास. वर ते लोक हवेतला कार्बन कमी करायच्या पॅरिस करारात आले, 2020 ला बाहेर पडले, 2021 ला परत आत आले, आणि जानेवारी 2025 मधे ट्रम्पनी परत बाहेर पडायच्या कागदावर सही केली, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत आलेला माणूस पण दुकानात इतक्यांदा आत-बाहेर करत नाही हो. राग येणारच. आणि आपल्या सरकारने 2021 मधे ग्लासगोला सांगून ठेवलंय की 2070 पर्यंत नेट झिरो, म्हणजे जितका कार्बन सोडू तितका परत शोषून घ्यायचा. छान आहे, पण तेव्हा वचन देणारेही नसतील आणि मी तर नाहीच नाही, मग हिशोब कोणाला विचारायचा.

पण राग अमेरिकेवर काढून माझी गच्ची थंड होत नाही ना, मुद्दा तिथेच आहे.

आमचं घर रामबागेत, जुनं. लहानपणी मे महिन्यात संध्याकाळी सात वाजले की आम्हा भावंडांची ड्यूटी, गच्चीवर पाणी टाकायचं. पहिली बादली टाकली की फरशीतून गरम वाफ अंगावर यायची. आजी सांगायची अनवाणी उभं राहून बघ, चटका लागला तर अजून एक बादली. मग गाद्या, सुरई, आणि पहाटे चारला हमखास चादरीची ओढाओढ, मे महिन्यात! शब-ए-मालवा उगाच नाही म्हणत, माळव्यात दिवस कितीही तापला तरी रात्र गार, हेच तर आपण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ऐकवायचो. आता रात्री अकराला गच्चीवर जाऊन बघा, चप्पल काढवत नाही. दिवसभर सिमेंट ऊन पितं आणि रात्रभर ते बाहेर सोडत बसतं. शेजारी चार मजली बिल्डिंग झाली, तिच्या नऊ एसींचे बाहेरचे डबे आमच्याकडे तोंड करून आहेत, मी मोजलेत, आणि दहावा आमचाच आहे, तो मागच्या गल्लीतल्या लोकांच्या खिडकीत फुंकतो. म्हणजे घरातली गरमी उचलून बाहेर फेकायची, वर मशीन जी वीज खाते तिची गरमी पण बाहेरच, आणि मग म्हणायचं काय उकडतंय बाई. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पत्र्याच्या खोलीत राहतात. त्या साडी ओली करून अंगावर घेऊन झोपतात, दोन तासांत वाळली की उठायचं, परत भिजवायची, परत झोपायचं. सकाळी सातला आमच्या दारात हजर.

हवामान खात्याचं याला नाव पण आहे, उष्ण रात्र. दिवसाचं तापमान 40 किंवा वर असेल आणि रात्रीचं किमान नेहमीपेक्षा साडेचार डिग्री किंवा अधिक वर राहिलं तर. माणसाचं अंग दिवसभर तापतं ते रात्री निवायला पाहिजे, तेच झालं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन डबल लागतं. सगळं जगच तापतंय, 2024 हे आजवरचं सगळ्यात गरम वर्ष गेलं, त्यात आपल्या शहराने सिमेंटची भर घातली.

आता आपल्या नेत्यांचं आणि आपलं. काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. देवगुराडियाला ओल्या कचऱ्याचा बायो सीएनजी प्लांट 2022 मधे झाला, रोज 550 टन कचरा घ्यायची त्याची क्षमता, त्या गॅसवर सिटी बसेस चालतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. निगमने, म्हणजे महापालिकेने, फेब्रुवारी 2023 मधे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून 244 कोटी मागितले, लोकांनी त्याच्या कितीतरी पट द्यायची तयारी दाखवली, कशासाठी तर जलूदला सोलर प्लांट टाकायचा, कारण नर्मदेचं पाणी तिथून सत्तरेक किलोमीटर वर चढवून आणायला वीजबिल अफाट येतं. पग पग नीर, पावलोपावली पाणी, म्हणवणाऱ्या माळव्याची ही हालत, पण असो, काम चांगलं आहे.

गडबड अशी की आपल्याला सोहळा लागतो. 14 जुलै 2024 ला रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांवर रोपं लावली, वर्ल्ड रेकॉर्ड. माझा भाचा मित्रांबरोबर गेला होता, चिखलात माखून आला, फार खूश होता, मी पण झाले. त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडावरचा कडुनिंब गेला. कोणाच्या परवानगीने ते शेवटपर्यंत कळलं नाही, सकाळी कटर मशीनचा आवाज, दुपारी फक्त भुसा. त्याच्याखाली मोची बसायचा, भाजीची हातगाडी थांबायची, दोन रिक्षा उभ्या असायच्या. आता तिथे तीन कार उभ्या असतात, त्यांच्यावर चांदीची कव्हरं घालून, कारण ऊन लागतं! मी रहवासी संघाच्या मीटिंगमधे विषय काढला तर एक काका म्हणाले, अहो वहिनी, बारा लाख लावलीत की. आता हातभर रोपटं कडुनिंबाची सावली कधी देणार, आणि रेकॉर्ड लावलेल्या झाडांचं होतं, जगलेल्यांचं नाही, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले तुम्ही निगेटिव्ह फार बोलता.

तसंच नो कार डे. 22 सप्टेंबर 2023 ला महापौर आणि अधिकारी कार सोडून निघाले, फोटो सगळ्या पेपरांत, तुमच्या पण. आणि बीआरटीएस? साडेअकरा किलोमीटरची बसची वेगळी लेन, 2013 पासूनची. नोकरीत होते तेव्हा मी जीपीओवरून विजयनगरला रोज आयबसने जायचे, सिग्नलवर कारवाले हॉर्न वाजवत बसलेले आणि आमची बस शेजारून निघून जायची, तो आनंद काय सांगू. बाजूच्या रस्त्यावर कोंडी व्हायची, लोक वैतागायचे, ते पण खोटं नाही. पण उपाय काय काढला, तर लेनच काढायची. नोव्हेंबर 2024 मधे मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली, फेब्रुवारी 2025 मधे हायकोर्टाचा हुकूम आला, आणि रेलिंग निघाली त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बसमधे पन्नास-साठ माणसं, एका कारमधे एक, पण रस्ता कोणाचा याचं उत्तर आपण टाळ्यांनी दिलं. नेत्यांना दोष किती देणार, ते टाळ्या बघून चालतात.

मतदानाचं पण तेच. 13 मे 2024, लोकसभेचं मतदान, मी उन्हात रांगेत, मागे एक आजोबा रुमाल ओला करून डोक्यावर ठेवलेले. काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतलेला, त्यामुळे चर्चा एकच, नोटा, म्हणजे 'यांच्यापैकी कोणी नको' हे बटण. नोटाला 2 लाख 18 हजारांवर मतं पडली, देशभर नाव झालं. पण त्या अख्ख्या रांगेत, उन्हात उभं राहून, एकाही माणसाने या उन्हाचं काय करणार असं कोणत्या नेत्याला विचारावं असं म्हटलं नाही. मी पण नाही, खरं सांगते.

गावाकडे वेगळं असेल असं वाटलं तर तसं पण नाही. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, देवासकडे आमच्या नात्यातल्यांचं सोयाबीन ऐन फुलावर असताना सुकलं. नोव्हेंबरात विधानसभा झाली, पावसाचा विषय नाही. पुढच्या वर्षी सोयाबीनला क्विंटलमागे 6000 भाव द्या म्हणून ट्रॅक्टर निघाले, हमीभाव 4892 होता. मी दादांना विचारलं, भावासाठी ट्रॅक्टर काढता, पावसासाठी का नाही. म्हणाले, भाव सरकार देतं, पाऊस देव देतो, देवाच्या विरोधात ट्रॅक्टर कुठे न्यायचा. मला हसू आलं, पण सगळ्या देशाचं तेच चाललंय, सुप्रीम कोर्टाने 2024 मधे माळढोक पक्ष्याच्या केसमधे म्हटलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून वाचणं हा नागरिकाचा हक्क आहे, घटनेच्या कलम 14 आणि 21 खाली, तरी आपण त्याला अजून देवाची मर्जीच समजतो.

2027 मधे निगमच्या निवडणुका येतील, पार्षद दारात येतील हात जोडून. मी दोन गोष्टी विचारणार आहे, आमच्या भागातून दर पंधरा मिनिटांनी बस केव्हा, आणि कडुनिंबाच्या जागी काय लावताय आणि त्याला पाणी कोण घालणार. ह्यांना सांगून ठेवलंय की तेव्हा मधे बोलायचं नाही.

आणि एक काम तुमच्याकडे, साहेब. उन्हाळ्यात तुम्ही पहिल्या पानावर कमाल तापमान लाल अक्षरात छापता आणि किमान कुठेतरी आतल्या पानावर, सोन्या-चांदीच्या भावाखाली, चष्मा लावून पण दिसत नाही. या मे महिन्यात उलटं करून बघा ना. रात्रीचा आकडा मोठा छापा, शेजारी नेहमीचा सरासरी आकडा द्या, म्हणजे मावशींना ती साडी रात्री किती वेळा भिजवावी लागली असेल याचा अंदाज आमच्या ह्यांना सकाळी चहाबरोबर येईल.

आपली नेहमीची वाचक,
रामबाग, इंदूर