बुडालेली नावही पाहा

महोदय,
अमेरिकी स्वातंत्र्याच्या 250 व्या वर्षानिमित्त जे छापून येते आहे त्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांचा स्वातंत्र्ययुद्धातला, आता फिलाडेल्फियातील संग्रहालयात असलेला तंबू हटकून दिसतो. तंबू मोलाचा आहेच. पण मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी वॉशिंग्टन शहरातल्या स्मिथसोनियन संग्रहालयातली ‘फिलाडेल्फिया’ ही तोफनाव चुकवू नये. (शहराचे आणि नावेचे नाव एकच, त्यामुळे घोळ होतो खरा!)

11 ऑक्टोबर 1776 रोजी शँप्लेन सरोवरात ब्रिटिशांशी झालेल्या लढाईत ही नाव बुडाली. ओल्या लाकडाची, घाईघाईत बांधलेली. थंड, गोड्या पाण्याने तिला राखले आणि 1935 मध्ये ती तोफांसकट वर काढली गेली. तिला भोक पाडणारा 24 पौंडी लोखंडी गोळाही सोबत ठेवला आहे. ही नाव ज्यात होती तो अमेरिकी सेनानी बेनेडिक्ट अर्नोल्डचा ताफा हरला, पण ब्रिटिशांची स्वारी वर्षभर लांबली. पुढे अर्नोल्ड फितूर झाला, म्हणून या लढाईचे श्रेय द्यायला लोक कचरत असावेत.

तंबूबद्दलही एक सांगायला हवे. अमेरिकी यादवी युद्धात, हा तंबू जिथे होता त्या आर्लिंग्टनच्या वाड्यातल्या वॉशिंग्टन यांच्या वस्तू शिपाई पळवू लागले, तेव्हा सेलिना ग्रे या गुलाम स्त्रीने थेट सेनाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. तंबूचे छायाचित्र छापताना तिचे नावही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे