स्वप्नात खोंड येतो, त्याचा अर्थ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं स्वप्नांच्या अर्थाचं सदर मी न चुकता वाचते, मजा म्हणून. मागच्या रविवारी एका वाचकाने विचारलं होतं की वय 64 आहे, पहाटे कुत्री मागं लागल्याचं स्वप्न सारखं पडतं आणि मी झोपेत लाथा मारतो. त्यावर उत्तर काय तर शत्रुपीडा आहे, शनिवारी मारुतीला तेल घाला. घाला ना, मी पण घालते, पण ते "लाथा मारतो" वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, म्हणून हे लिहितेय.

आमच्या ह्यांना चार वर्षं खोंडाचं स्वप्न पडायचं. तोच खोंड, तोच गावाकडचा ओढा आणि हे काठी घेऊन त्याला हाकलतायत. पहाटे तीन-साडेतीनला सुरू व्हायचं, आधी पुटपुटणार मग शिव्या मग हातपाय. माणूस असा की दिवसा कुत्र्याला हाड म्हणणार नाही आणि रात्री असल्या शिव्या, भाचीच्या लग्नात सगळे हॉलमध्ये एकत्र झोपलो होतो तर पाहुणे आठ दिवस हसत होते. उठवलं की लगेच जागे व्हायचे आणि सगळं स्वप्न सांगायचे, खोंड कुठून आला, शिंग कसं लावलं. सासूबाई म्हणाल्या उशाखाली अडकित्ता ठेव, लोखंडाला घाबरतं ते. मी ठेवला पण!! जो माणूस झोपेत हात चालवतो त्याच्या उशाखाली अडकित्ता, आता आठवलं की अंगावर काटा येतो. एका रात्री खोंड म्हणून माझ्याच तोंडावर बुक्की बसली, ओठ फुटला, दुसऱ्या दिवशी भाजीवाली विचारत होती काय झालं आणि मला खरं सांगायची लाज वाटली, लोकांना काय वाटेल.

आधी एका डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून सांगितलं. शेवटी मुलगी मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तर त्यांनी ह्यांना कमी आणि मलाच जास्त विचारलं. झोपलेल्या माणसाला काय कळणार, शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत, असं म्हणाले. मग विचारलं, वास येतो का यांना? तेव्हा आठवलं की दूध करपून घरभर धूर झाला होता आणि हे गॅसशेजारी बसून पेपर वाचत होते, आम्ही कोरोनामुळे असेल म्हणून सोडून दिलेलं. पोट साफ होतं का हे पण विचारलं. मला वाटलं यांचा आणि खोंडाचा काय संबंध.

संबंध आहे. आपल्याला जास्त स्वप्नं पडतात ती ज्या झोपेत डोळे पापण्यांआड भराभर हलतात त्या झोपेत (तिलाच आरईएम झोप म्हणतात), आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू बंद करून ठेवतो म्हणून आपण स्वप्नात कितीही पळलो तरी अंथरुणातच असतो. काहींचा हा ब्रेकच लागत नाही. मग स्वप्नातली मारामारी खरी होते. याला आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात, 1986 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट मांडला. बहुतेक पन्नाशीनंतरचे पुरुष आणि स्वप्नं पण साधारण सारखीच, कोणीतरी मागं लागलंय, जनावर अंगावर आलंय. म्हणजे खोंड काय आणि त्या वाचकाची कुत्री काय.

पुढचं मुलीने शोधून दाखवलं ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही. त्याच डॉक्टरांनी 1996 मध्ये लिहिलंय की असे 29 पुरुष त्यांनी बघितले, त्यातल्या 11 जणांना पुढे कंपवातासारखा (म्हणजे पार्किन्सनसारखा) आजार झाला. 2019 च्या एका अभ्यासात 24 सेंटरचे 1280 पेशंट होते, त्यात बारा वर्षांत साधारण चारातल्या तिघांना कंपवात किंवा विसरण्याचा त्यातलाच एखादा आजार होईल असा हिशोब निघाला. वास जाणं आणि बद्धकोष्ठ पण त्याचीच आधीची खूण असू शकते.

पण झोपेत हात हलला की कंपवात असं नाही हं, उगाच घाबरू नका. झोपेत श्वास अडकणाऱ्या घोरणाऱ्या लोकांचं पण कधी कधी हुबेहूब असंच दिसतं, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण होतं. म्हणून तर रात्रभर अंगाला वायरी लावून झोपेची टेस्ट करतात. आणि शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला छातीवर कोणीतरी बसलंय, हलताच येत नाही असं होतं, ते तर बरोबर उलटं, तिचा ब्रेक जाग आल्यावर पण क्षणभर सुटत नाही. त्यालाच आपल्याकडे भूत बसलं म्हणायचे.

ह्यांना रात्रीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी दिलेली, तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण लोक मेडिकलमधून आपल्या मनाने घेतात. कंपवात अजून नाही, वर्षातून एकदा चालवून, बोटं हलवून बघतात.

माझी एवढीच विनंती आहे की त्या सदरात अर्थ सांगायच्या आधी वय विचारा आणि झोपेत अंग हलतं का ते बायकोला विचारा, आणि त्या 64 वर्षांच्या गृहस्थांना कृपया कळवा, त्यांचा पत्ता तुमच्याकडे असेलच. तोपर्यंत त्यांनी पलंगाशेजारचं टेबल, तांब्या, घड्याळ सगळं लांब ठेवावं. आम्ही पलंगच काढला, हे खाली गादीवर आणि मी दोन हात लांब. खोंड अजून येतो महिन्यातून एखाद-दोनदा, पण आता नुसत्या शिव्या देऊन जातो.

आपली एक वाचक,
कराड