ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : पश्चिम आफ्रिकेच्या फायली मूळ क्रमांकांसह परत द्या

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री, युनायटेड किंग्डम
किंग चार्ल्स स्ट्रीट, लंडन

महोदय/महोदया,

केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात छळ झालेल्या पीडितांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा कुठे, २०११ साली, तुमच्या खात्याने मान्य केले की ३७ माजी वसाहतींतून आणलेल्या सुमारे ८,८०० फायली हॅन्सलोप पार्क या सरकारी बंदिस्त केंद्रात पडून आहेत. पुढे एप्रिल २०१२ ते नोव्हेंबर २०१३ या काळात त्या टप्प्याटप्प्याने लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या. तोवर आकडा वीस हजारांच्या आसपास पोचला होता. तिथल्या एफसीओ १४१ या फायलींच्या मालिकेत गोल्ड कोस्ट (आजचा घाना), नायजेरिया, सिएरा लिओन आणि गांबिया या चारही पश्चिम आफ्रिकी वसाहतींची कागदपत्रे आहेत. आम्ही वसाहतकालीन दप्तरांवर काम करणारे काही मराठी अभ्यासक आहोत आणि या चार देशांच्या फायलींबद्दलच लिहीत आहोत. आमची मागणी अशी : या फायली त्या त्या देशाला परत द्या, निदान त्यांच्या पूर्ण प्रती द्या, आणि त्या अशा रीतीने द्या की तिथल्या दप्तरात त्या आपल्या जागी बसतील. यातला शेवटचा भाग नेहमी दुर्लक्षित राहतो, म्हणून पत्र थोडे लांबले आहे.

ब्रिटिशांचे पश्चिम आफ्रिकेतले राज्य माणसांच्या बळावर कधीच चालले नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियात लोकवस्ती सुमारे दोन कोटी होती आणि प्रशासकीय सेवेतले ब्रिटिश अधिकारी चारशेहून कमी. शिवाय एका अधिकाऱ्याचा सलग मुक्काम साधारण अठरा महिन्यांचा. मग लांब रजा, आणि रजेवरून परतल्यावर तो त्याच जिल्ह्यात येईल याची खात्री नाही. अशा व्यवस्थेत जिल्ह्याची आठवण अधिकाऱ्याच्या डोक्यात राहूच शकत नव्हती. ती राहिली कार्यभार सोपवतानाच्या टिपणांत, दौऱ्याच्या रोजनिशीत आणि फायलीत. कुठल्या गादीवर कोणाचा हक्क, कोणत्या गावाचा कोणत्या गावाशी जमिनीचा तंटा, कोणत्या मुखियावर कर गिळल्याचा संशय, हे सगळे नव्या साहेबाला कागदच सांगे.

उत्तर नायजेरियात तिथले ब्रिटिश प्रशासक लुगार्ड यांनी अमिरांना, म्हणजे तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांना, गादीवर ठेवले आणि शेजारी रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधी, बसवला. लुगार्ड १८५८ साली मद्रासेत जन्मले. साताऱ्याच्या छत्रपतींशेजारी बसलेला ग्रँट डफ ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला ही मांडणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कर अमिराची माणसे गोळा करीत, ठरलेला हिस्सा सरकारजमा होई, उरलेला स्थानिक खजिन्यात जाई, आणि त्या खजिन्याचे अंदाजपत्रक रेसिडेंटच्या नजरेखालून जाई. आग्नेय भागात गादीच नव्हती. तिथे सरकारने आपल्या मर्जीतल्या लोकांना सनदा देऊन ‘वॉरंट चीफ’ बनवले. १९२८ साली तिथे थेट कर सुरू झाला. १९२९ च्या अखेरीस ओलोको गावी पुन्हा मोजणी निघाली, ती बायकांच्या आणि गुराढोरांच्या मोजणीपर्यंत पोचली, आणि आता कर बायकांवरही बसणार अशी खात्री पटून हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. त्यानंतरच सरकारला सुचले की या लोकांचे खरे पंच कोण, सभा कशा भरतात, हे आधी विचारावे. गावोगावचे ‘इंटेलिजन्स रिपोर्ट’ त्या धक्क्यातून लिहिले गेले. म्हणजे जे आधी करायचे ते नंतर झाले, पण निदान कागदावर तरी आले.

हा कागद कसा हलत असे तेही पाहा. जिल्हा अधिकारी प्रांताच्या रेसिडेंटला लिहिणार, तिथून पत्र वर सचिवालयात, चीफ सेक्रेटरीकडे, मग गव्हर्नरकडे, आणि गरज पडली तर लंडनला. प्रत्येक पायरीवर पत्राची प्रत राहते, त्यामुळे ‘नेलेल्या कागदांच्या प्रती तिथे आहेतच’ हे उत्तर वरवर पटते. पण प्रत राहते ती पत्राची. सचिवालयाच्या फायलीतली टिपणी, म्हणजे कोणी काय सुचवले, कोणी खोडले, गव्हर्नरने शेवटी दोन ओळींत काय ठरवले, ती एकाच फायलीत असते. मंत्रालयात ज्यांनी फाईल हाताळली आहे त्यांना टिपणी आणि पत्रव्यवहार यांतला हा फरक माहीत असतो. निर्णय कळतो टिपणीतून. फाईल उचलून नेली की निर्णयाचे कारण जाते, हुकूम तेवढा मागे उरतो.

काय न्यायचे याचा निकष तुमच्याच वसाहत खात्याने लिहून ठेवला आहे. मंत्री इयान मॅक्लाऊड यांच्या ३ मे १९६१ च्या सूचनेनुसार, ब्रिटिश सरकारला अडचणीत आणतील, पोलीस, सैनिक, सरकारी नोकर किंवा खबऱ्यांना गोत्यात आणतील, गुप्तवार्तेचे स्रोत उघड करतील, किंवा नव्या सरकारातले मंत्री ज्यांचा गैरवापर करतील, असे कागद सुपूर्द करायचे नव्हते. पूर्व आफ्रिकेत यासाठी दोन समांतर दप्तरे उभी राहिली : ‘लेगसी’ हे देऊन टाकायचे, ‘वॉच’ हे लपवायचे, आणि ‘वॉच’ला हात लावण्याची मुभा फक्त युरोपीय वंशाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना. जाळायचे तर राखही चुरडून टाकावी, समुद्रात बुडवायचे तर वजन बांधलेल्या पेट्या किनाऱ्यापासून शक्य तितक्या दूर, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात सोडाव्यात, इथपर्यंत तपशील ठरलेला होता.

आता तारखा लावून बघा. घाना ६ मार्च १९५७ ला स्वतंत्र झाला, नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० ला, सिएरा लिओन २७ एप्रिल १९६१ ला, म्हणजे त्या सूचनेच्या सहाच दिवस आधी. चौघांपैकी एकटा गांबिया, १८ फेब्रुवारी १९६५, नंतरचा. तरी फायली चौघांच्याही आल्या. तेव्हा अक्रा, लेगॉस आणि फ्रीटाउन इथे कोणत्या आदेशावरून निवड झाली, ते आदेश आणि नष्ट केलेल्या कागदांचे दाखले एकत्र करून प्रसिद्ध करा. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अक्रात गव्हर्नरच्या ख्रिश्चन्सबोर्ग किल्ल्याकडे निघालेल्या माजी सैनिकांवर गोळीबार झाला, तिघे मेले, शहर पेटले, आणि तिथून तीन वर्षांत स्वातंत्र्यचळवळीचे नेते एन्क्रुमा तुरुंगातून थेट सरकारात आले. त्या वर्षांतला कोणता कागद कोणी जाळला, हे घानाच्या अभ्यासकाला लंडनच्या मेहेरबानीवर कळावे, हे बरोबर नाही.

आता कामाचे. क्यूमध्ये या फायलींना एफसीओ १४१ खालचे नवे क्रमांक मिळाले. इबादान, काडुना आणि एनुगू इथली नायजेरियाची दप्तरे मात्र जुन्याच नोंदणीवर चालतात : इबादानला मुख्य सचिवांची सीएसओ २६, काडुनाला उत्तर प्रांतांची एसएनपी. जुन्या नोंदवह्यांमध्ये फायलीचे नाव सापडते, मांडणीवर फाईल नसते. वाळवीने खाल्ली, कोणी उचलली, की विमानात बसून गेली, हे कळायला मार्ग नाही. म्हणून पहिली गरज प्रतींची नाही, कोष्टकाची आहे : क्यूचा क्रमांक, मुखपृष्ठावरचा मूळ क्रमांक, शीर्षक, पहिली व शेवटची तारीख, पानांची संख्या, रोखून ठेवलेली पाने. हे काम दोन जाणत्या कारकुनांचे आहे, आणि सगळ्यात स्वस्तही तेच आहे.

त्यानंतर प्रती. मुखपृष्ठाच्या दोन्ही बाजू घ्या, कारण फाईल कोणाकडून कोणाकडे गेली ते तिथेच लिहिलेले असते. कोऱ्या पाठीही घ्या. पेन्सिलीतले शेरे बहुधा तिथे सापडतात. मूळ प्रत रंगीत हवी. लाल शाई कोणाची आणि हिरवी कोणाची यावर अर्थ ठरतो, आणि कृष्णधवल प्रतीत दोन्ही सारख्याच दिसतात. फुलस्केप पान, १३ बाय ८ इंच, इंचाला ४०० बिंदूंनी घेतले तर एका बाजूची टिफ, म्हणजे न आकुंचित केलेली संगणकीय प्रत सुमारे ५० एमबीची होते. दोनशे पानांची फाईल दोन्ही बाजूंनी २० जीबी. इंटरनेटवरची लिंक पाठवून मोकळे होऊ नका; हार्ड डिस्कचे दोन संच द्या, सोबत रोजच्या वाचनासाठी हलक्या प्रती. डिस्क किती वर्षांनी बदलायच्या आणि तो खर्च कोणाचा, हेही करारातच लिहा. अशा प्रकल्पांचा घात बहुतेक वेळा उद्घाटनानंतर पाच-सात वर्षांनी, इथेच होतो.

क्यूला येऊन कोणीही आपल्या कॅमेऱ्याने फुकट फोटो काढू शकतो, असे तुमचे अधिकारी म्हणतील. खरे आहे. फक्त त्याआधी व्हिसा, विमान आणि लंडनमधला मुक्काम असतो. ‘हा विषय संस्कृती खात्याचा’ असेही सांगितले जाईल. क्यू त्यांच्याकडे आहे हे आम्हांला माहीत आहे. पण फायली आणल्या, दडवल्या आणि कोणता मजकूर झाकायचा ते सुचवले तुमच्या खात्याने. राज्यांच्या मालमत्ता, दप्तरे आणि कर्जे यांच्या उत्तराधिकाराबद्दलचा १९८३ चा व्हिएन्ना करार अजून अमलात आलेला नाही, आणि ब्रिटन त्यात नाहीही. द्यायला त्याची आडकाठी कुठे आहे? पेशवे दप्तर कंपनीने ताब्यात घेतले तरी ते पुण्यातच राहिले, आणि तेही अभ्यासकांना मोकळे व्हायला शतकाहून अधिक काळ लोटला. दाराबाहेर थांबणे काय असते हे मराठी इतिहाससंशोधकांना चांगले माहीत आहे. अक्रा किंवा इबादानच्या अभ्यासकासमोर तर दारच दुसऱ्या खंडात आहे.

सुरुवात गांबियापासून करा. देश लहान, शिवाय १९६१ ची सूचना लागू असतानाच स्वतंत्र झालेला, त्यामुळे आदेश आणि फायली एकमेकांशी ताडून पाहता येतील. कोष्टक आधी, प्रती नंतर, आणि मूळ कागद कधी देणार याची तारीख त्याच पत्रात.

कळावे,
वसाहतकालीन दप्तरांचे काही मराठी अभ्यासक