पद्मिनीचे हेड नीट करून देणाऱ्या मिस्त्रीमामांना अनावृत आभारपत्र

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आमच्या 1985 सालच्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन पूर्ण बांधून झाले असून गाडी आता रोज रस्त्यावर आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील आपल्या शॉपमध्ये तिच्या सिलिंडर हेडवर (सिलिंडरांवर बसणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या झाकणावर) जे काम झाले, त्याबद्दल बिल देताना दोन शब्द बोलून आभार मानले होते, पण ते पुरेसे नव्हते. हे पत्र जाहीरपणे लिहिण्यालाही कारण आहे. जुनी गाडी बाळगणारे आमच्यासारखे लोक इंजिनाचे काम काढताना बोअर (सिलिंडरची आतली पोकळी), पिस्टन आणि त्याच्या रिंग यांची बारकाईने चौकशी करतात, आणि हेडच्या बाबतीत मात्र ‘व्हॉल्व्ह घासून द्या’ एवढेच सांगून मोकळे होतात. आपण आमच्या हेडवर काय काय केले आणि का केले, हे त्यांच्यापर्यंत पोहोचावे अशी मनापासून इच्छा आहे.

गाडीचे दुखणे आपण हेड उघडण्याआधीच ओळखले होते. आंबा घाट उतरताना एक्सिलरेटरवरून पाय काढून पुन्हा दाबला की मागून निळा धूर येतो, एवढे ऐकताच आपण म्हणालात की हे तेल गाईडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून, खाली उतरते आहे. कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजल्यावर ज्या दोन सिलिंडरांचे आकडे कमी आले, त्यांत प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून आपण पुन्हा मोजले. आकडा जवळजवळ तेवढाच राहिला, म्हणजे त्या गळतीचा मोठा भाग रिंगांचा नसून व्हॉल्व्हचा होता. बोअर झिजलेले होतेच आणि ओव्हरसाइझ पिस्टन बसवायचे ठरलेले होतेच, पण हेड तसेच चढवले असते तर त्या खर्चाचे चीज झाले नसते, हे आपण त्याच वेळी स्पष्टपणे सांगितलेत.

हेड उघडल्यावर जे दिसले, ते वर्षानुवर्षांच्या ‘घासून देण्याचे’ फळ होते. पूर्वी एका गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासले गेले होते. त्यामुळे सीट (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतो ती कडा) रुंद होत गेल्या आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत गेले. व्हॉल्व्ह आत गेला की वायूचा मार्ग अडतो, मिश्रण जळते त्या चेंबरची जागा वाढून कम्प्रेशन उतरते, आणि व्हॉल्व्हची दांडी दुसऱ्या बाजूला तेवढीच वर येऊन व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा कोन बिघडतो. हे सारे आपण डेप्थ गेजने मोजून, आकडे खडूने टेबलावर लिहून आम्हाला दाखवलेत. गिऱ्हाइकाला आकडे दाखवणारा कारागीर भेटणे ही भाग्याची गोष्ट आहे, असे मी मानतो.

कामाचा क्रम हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग होता. आधी गाईड, मग सीट, आणि सर्वांत शेवटी व्हॉल्व्ह, हा आपला नियम आपण कोणत्याही घाईसाठी मोडला नाहीत. सीट कापणाऱ्या कटरचा पायलट, म्हणजे त्याला सरळ धरणारी दांडी, गाईडमध्येच बसतो. गाईड ढिले असेल तर सीट मध्याला धरून कापलीच जात नाही, आणि मग ती कितीही घासली तरी एका बाजूने गळतच राहते. म्हणून आठही गाईड बदलून, रिमरने मापात आणून, दांडीचा खेळ डायल गेजवर पाहिल्यानंतरच आपण सीटला हात लावलात.

एक्झॉस्टच्या (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) चारही सीट काढून कठीण धातूच्या नव्या सीट-रिंगा बसवण्याचा आपला निर्णय सुरुवातीला खर्चिक वाटला होता, पण त्यामागचे कारण आपण समजावून सांगितलेत तेव्हा शंका उरली नाही. ही गाडी शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. त्या पेट्रोलमधल्या शिशाची संयुगे सीटवर पातळ थर धरत आणि तापलेला व्हॉल्व्ह सीटला चिकटू देत नसत. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. आपल्या आरोग्यासाठी, विशेषतः मुलांच्या, ते फार चांगले झाले. जुन्या मऊ सीटचे संरक्षण मात्र गेले. भरधाव चालताना व्हॉल्व्ह आणि सीट यांचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, सुटताना धातू ओरबाडला जातो आणि सीट खचत जाते. पेस्टने घासणे आणि हे खचणे, अशी दोन्ही कारणे आमच्या हेडमध्ये एकत्र आली होती.

रिंग बसवण्याचे काम मी उभा राहून पाहिले आणि ते आजही डोळ्यांपुढे आहे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचे आहे, आणि ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. साधारण 35 मिलिमीटर व्यासाच्या रिंगेसाठी 100 अंश तापमान वाढले तर दोन धातूंच्या मापांत सुमारे चार शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे थंड असताना जेमतेम घट्ट वाटणारी रिंग घाटात इंजिन तापल्यावर सैल होऊन निसटू शकते. म्हणूनच आपण खाच रिंगेपेक्षा मुद्दाम लहान ठेवलीत, हेड भट्टीत तापवलेत, रिंगा अतिथंड करून घेतल्यात आणि एका दमात त्या जागी बसवल्यात. त्यानंतर 30, 45 आणि 60 अंशांचे तीन काप देऊन प्रत्यक्ष टेकणारी पट्टी इनलेटला (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) अरुंद आणि एक्झॉस्टला थोडी रुंद ठेवलीत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता बंद असताना या पट्टीतूनच हेडला देतो. पट्टी फार अरुंद झाली तर तो जळतो, फार रुंद झाली तर दाब विखुरतो आणि काजळी अडकते. मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला तेहेतीस वेळा उघडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या पट्टीवर किती भार असतो ते कळते. ब्लू (टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग) लावून प्रत्येक सीटवर अखंड वर्तुळ उमटेपर्यंत आपले समाधान झाले नाही. पेस्ट आपण अगदी शेवटी, नावापुरती वापरलीत आणि नंतर तिचा कणही राहू नये म्हणून हेड पुन्हा पुन्हा धुतलेत.

आता अपग्रेडविषयी. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी आमच्याकडे यादी होती: मोठे इनलेट व्हॉल्व्ह, आरशासारखे पॉलिश केलेले पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याचे मार्ग), आणि हेडचा तळ भरपूर फेस करून, म्हणजे कापून सपाट करून, वाढवलेले कम्प्रेशन. आपण एकही गोष्ट हसण्यावारी नेली नाहीत. प्रत्येकीचा हिशोब मांडलात. मोठा व्हॉल्व्ह बोअरच्या भिंतीजवळ जातो आणि तिथेच वायू अडतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात इनलेट पोर्ट आरशासारखा करण्याने फारसे काही साधत नाही. त्यापेक्षा मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि पोर्ट यांची तोंडे एकमेकांशी तंतोतंत जुळवून सीटखालची धार मोकळी करणे फायद्याचे, आणि आपण तेच केलेत.

कम्प्रेशनचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला आहे. मूळ मापाने 68 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे सिलिंडरमागे सुमारे 272 घनसेंटिमीटर. कम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली एकूण जागा आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा यांचे प्रमाण) 8 ठेवायचा तर वर 39 घनसेंटिमीटर जागा लागते आणि 8.5 करायचा तर 36हून थोडी जास्त; सगळा फरक अडीच-पावणेतीन घनसेंटिमीटरचा. मग पारदर्शक पट्टी, ब्युरेट (मापाची काचनळी) आणि रॉकेल घेऊन आपण चारही चेंबर मोजलेत, एकमेकांशी जुळवलेत, आणि हेडचा तळ सपाट होण्यापुरताच फेस केलात. ‘काढलेले मटेरियल परत लावता येत नाही,’ असे आपण म्हणालात. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या पद्मिनीचे नवे हेड आता कुठे मागायचे? आपण वाचवलेला तो धातू पुढच्या दुरुस्तीसाठी आमच्या गाडीत शिल्लक आहे, आणि माझ्या मते आपण केलेल्या कामांत याचे मोल सर्वांत अधिक आहे.

इनलेटचे चारही व्हॉल्व्ह मापात आहेत म्हणून आपण तेच पुन्हा वापरलेत. नवे खपवणे सोपे होते. स्प्रिंगांची उंची आणि ताकद तपासून ज्यांना गरज होती त्यांच्याखालीच शिम (पातळ चकत्या) घातल्यात. हे बिलात वेगळे दिसत नाही, म्हणून इथे लिहितो.

आपण सांगितल्याप्रमाणे सुरुवातीचे अंतर हलक्या पायाने चालवून, थंड इंजिनावर हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क रेंचने पुन्हा ताणले आणि टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर) नव्याने लावून घेतले. घाट उतरताना धूर नाही. चढावर जिथे पूर्वी दुसरा गिअर टाकावा लागे, तिथे गाडी तिसऱ्यात शांतपणे चढते, आणि चारही प्लग एकसारख्या तपकिरी रंगाचे निघाले. घरातील सर्वांच्या, विशेषतः ही गाडी नवी घेणाऱ्या माझ्या वडिलांच्या वतीने, आपले आणि आपल्या हाताखाली शिकणाऱ्या दोन्ही मुलांचे मनःपूर्वक आभार मानतो. पुढच्या सर्व्हिसला कम्प्रेशनचे आकडे आपल्याच गेजवर घ्यायचे आहेत, तेव्हा वडीलही सोबत येतील. त्यांना आपल्याला स्वतः भेटून नमस्कार करायचा आहे.

आपला कृतज्ञ,
सांगलीचा एक पद्मिनीधारक